ऐकून घ्यावे, पडताळून पाहावे

ख्रिस्ती माणसाने कुणाकडून शिकावे आणि शिकवलेल्यातले किती स्वीकारावे, हा प्रश्न मंडळी स्थापन झाली तेव्हापासून तिच्यासमोर आहे. त्याच्या उत्तरात दोन गुण नेहमी जोडीने येतात : नम्रता आणि विवेक. आपल्याला सगळे कळलेले नाही हे मान्य करून दुसऱ्याचे ऐकून घेण्याची तयारी म्हणजे नम्रता. ऐकलेल्यातले खरे कोणते, अर्धवट कोणते आणि चुकीचे कोणते याची पारख म्हणजे विवेक. वरवर पाहता हे गुण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढणारे वाटतात. नम्र माणूस मान तुकवतो, पारखणारा माणूस प्रश्न विचारतो, असा आपला समज असतो. त्यामुळेच कित्येक मंडळ्यांत पाळकांना शंका विचारणे हा उद्धटपणा ठरतो, तर काही ठिकाणी प्रत्येक उपदेशकाची चूक काढणे हीच आध्यात्मिक प्रगल्भता मानली जाते. पवित्र शास्त्र आणि मंडळीचा इतिहास वाचला की हा समज टिकत नाही. तिथे पारख ही नम्रतेच्याच पोटी जन्मते. ऐकणारा स्वतःला अंतिम प्रमाण मानत नाही आणि बोलणाऱ्यालाही मानत नाही; दोघांच्या वर सत्य आहे, ही श्रद्धा त्यामागे असते.

मराठीत 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असे सहज म्हटले जाते. ख्रिस्ती शिकवण इथे थोडी वेगळी वाट धरते. माणसाचे मन स्वतःलाच फसवू शकते, हे यिर्मया संदेष्ट्याने बजावून ठेवले आहे. तेव्हा जनाचे जसे तपासायचे, तसे मनाचेही तपासायचे. पारखीचा हा रोख आपल्याकडेही वळला नाही, तर तिचा अहंकार व्हायला वेळ लागत नाही.

शास्त्रातली उदाहरणे

जुन्या करारातला मोशे हा इस्राएलाचा सर्वांत मोठा पुढारी. तरीही निर्गमच्या अठराव्या अध्यायात तो सासऱ्याकडून, म्हणजे मिद्यानी याजक इथ्रो याच्याकडून, कारभार कसा करावा हे शिकतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेल्या जावयाला इथ्रो म्हणतो की अशाने तू आणि लोक दोघेही थकून जाल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर योग्य माणसे नेम. मिद्यानी याजकाचा हा सल्ला देवाशी बोलणाऱ्या माणसाने जसाच्या तसा अमलात आणला. इथ्रोचे शहाणपण आणखी एका गोष्टीत दिसते. देवाची तशी आज्ञा असेल तर हे कर, अशी पुस्ती तो स्वतःच जोडतो. आपल्या सल्ल्याच्या पारखीला सल्ला देणाऱ्यानेच जागा ठेवली.

नवा करार तर येशूलाच शिकणाऱ्याच्या जागी दाखवतो. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसला आहे, त्यांचे ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न विचारतो आहे. ऐकणे आणि प्रश्न विचारणे या दोन क्रिया लूकने एकाच दृश्यात मांडल्या आहेत.

या विषयावरचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग बिरुया गावातला. साधारण इ. स. 50 च्या सुमारास पौल आणि सीला यांना थेस्सलनीकात दंगल झाल्यामुळे रातोरात बाहेर पडावे लागले. ते मासेदोनियातल्या बिरुयाला पोचले आणि तिथल्या सभास्थानात बोलले. प्रेषितांच्या कृत्यांचा लेखक सांगतो की बिरुयाचे लोक थेस्सलनीकाच्या लोकांपेक्षा मोठ्या मनाचे होते. त्यासाठी तो दोन कारणे एका दमात देतो : त्यांनी वचन उत्सुकतेने ऐकून घेतले, आणि पौल म्हणतो ते तसेच आहे का हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्र तपासत राहिले. उपदेश करणारा साक्षात प्रेषित होता, तरी त्याची शहानिशा केल्याबद्दल त्यांना शाबासकी मिळते.

या तपासणीचे रूप नीट डोळ्यांसमोर आणायला हवे. घरोघरी बायबल असण्याचा तो काळ नव्हता. शास्त्र म्हणजे हाताने लिहिलेल्या महागड्या गुंडाळ्या, आणि त्या सभास्थानात जपून ठेवलेल्या असत. रोज शास्त्र तपासायचे तर रोज एकत्र जमायचे, कुणीतरी मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग चर्चा करायची. बिरुयाची पारख चारचौघांत झाली. एकाचे चुकीचे समजणे दुसऱ्याच्या लक्षात येईल अशी सोय तिच्यातच होती. पुढे त्यांच्यापैकी पुष्कळांनी विश्वास ठेवला, त्यात प्रतिष्ठित ग्रीक स्त्रियाही होत्या.

याच्या पुढच्याच अध्यायात अपुल्लोस भेटतो. तो आलेक्सांद्रियाचा यहुदी, वक्ता म्हणून नावाजलेला, शास्त्रात पारंगत. इफिसच्या सभास्थानात तो येशूविषयी धाडसाने बोलू लागला, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपे होते. बादशहा क्लौद्य याने इ. स. 49 च्या सुमारास यहुद्यांना रोममधून घालवले, तेव्हा हे दोघे तिथून निघाले होते आणि तंबू शिवून पोट भरत होते. अपुल्लोसचे अपुरेपण त्यांच्या ध्यानात आले. भर सभेत त्याला न अडवता त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. लेखक या प्रसंगी प्रिस्किल्लेचे नाव नवऱ्याच्या आधी घेतो. विद्येच्या माहेरघरातून आलेला पंडित तंबू शिवणाऱ्या बाईकडून शिकला आणि शिकून झाल्यावर शिफारसपत्र घेऊन अखयात गेला. तिथे त्याचा फार उपयोग झाला असेही पुढे म्हटले आहे. शिकणाऱ्याइतकीच शिकवणाऱ्यांची रीतही इथे लक्षात घेण्यासारखी आहे.

पण चांगल्या शिक्षकाभोवतीही भक्तांचा गट उभा राहू शकतो. करिंथच्या मंडळीत तसेच झाले. कुणी स्वतःला पौलाचा म्हणवू लागला, कुणी अपुल्लोसचा, कुणी पेत्राचा. पौलाने त्यांना लिहिले की कुणी लावले, कुणी पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली. स्वतःच्या नावाने निघालेला गटही त्याने मोडून काढला, ही गोष्ट आजच्या प्रत्येक लोकप्रिय उपदेशकाने मनावर घ्यावी अशी आहे.

सर्वांत अवघड प्रसंग अंत्युखियातला. पेत्र तिथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही माणसे आल्यावर त्यांच्या धाकाने तो बाजूला झाला. पौलाने त्याला तोंडावर आणि सर्वांसमोर सुनावले, असे तो गलतीकरांच्या पत्रात स्वतःच सांगतो. चूक उघड होती आणि तिचा परिणाम सगळ्या मंडळीवर होत होता, म्हणून दुरुस्तीही उघड. पुढे पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा येतो, आणि त्याच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत असेही तिथे नमूद आहे. प्रेम आणि मोकळी पारख ही दोन्ही त्या एका उल्लेखात आहेत.

फिरत्या संदेष्ट्यांची कसोटी

प्रेषितांची पिढी मागे पडली, तशी गावोगाव हिंडणाऱ्या शिक्षकांची आणि संदेष्ट्यांची संख्या वाढली. खरे कोण आणि भोंदू कोण हे ओळखायचे कसे? 'दिदाखे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक पुस्तिकेत याची अगदी व्यवहारी उत्तरे आहेत. ही पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानली जाते. शेकडो वर्षे ती हरवलेली होती. फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला 1873 मध्ये कॉन्स्टॅंटिनोपलमध्ये तिचे हस्तलिखित सापडले आणि 1883 मध्ये ते छापले गेले.

पुस्तिका म्हणते की येणाऱ्या प्रेषिताचे प्रभूप्रमाणे स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या नावाने जेवणाचे ताट मांडायला सांगून स्वतःच त्यावर बसला, तरी खोटा. शिकवतो ते आचरत नसेल, तरी खोटाच. मात्र इतरांच्या गरजेसाठी मागणाऱ्याला कुणी दोष देऊ नये. आधी दार उघडायचे, मग वागणूक पाहायची, हा क्रम फार बोलका आहे. संशयाने दार लावून घेणे या लहानशा, गरीब मंडळ्यांना मान्य नव्हते आणि पाहुणचाराच्या नावाखाली लुबाडून घेणेही मान्य नव्हते.

ऑगस्टीन : कुणाकडून आणि कसे

ख्रिस्ती नसलेल्यांच्या विद्येचे काय करायचे, यावर आरंभीच्या शतकांत एकमत नव्हते. दुसऱ्या शतकातल्या जस्टिनला ग्रीक तत्त्ववेत्त्यांच्या विचारांतही दैवी शब्दाची बीजे दिसत. कार्थेजच्या तर्तुलियनला अथेन्स आणि यरुशलेम यांचा काही संबंध आहे असे वाटत नव्हते, पण त्याचे स्वतःचे लेखन रोमन वक्तृत्वशास्त्रात मुरलेले आहे. या वादाला सर्वांत टिकाऊ रूप दिले ते ऑगस्टीनने. तो 354 मध्ये आजच्या अल्जेरियातल्या तागास्ते इथे जन्मला आणि पुढे हिप्पोचा बिशप झाला.

ख्रिस्ती शिकवणीवरच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात ऑगस्टीन अशा लोकांना उत्तर देतो, ज्यांचा दावा होता की पवित्र आत्माच आम्हाला शिकवतो, माणसांकडून शिकण्याची आम्हाला गरज नाही. तो विचारतो : स्वर्गातून वाणी ऐकलेल्या पौलालाही हनन्याकडे का पाठवले गेले? देवदूताने कर्नेल्याला सगळे स्वतः का सांगितले नाही, पेत्राला बोलावून घे असे का म्हटले? इथ्रोचा दाखलाही तो इथेच देतो. माणसांनी माणसांकडून शिकायचेच नाही असे ठरले, तर त्यांना प्रेमाने एकमेकांशी जोडणारा एक मार्ग बंद होईल, असा त्याचा मुद्दा आहे. आपल्याला थेट वरून कळते असे म्हणणारी माणसे आजही प्रत्येक शहरात आहेत. त्यांनी हे प्रास्ताविक जरूर वाचावे.

हे तत्त्व त्याने आपल्या विरोधकांच्या बाबतीतही पाळले. उत्तर आफ्रिकेत मंडळीपासून फुटून निघालेल्या डोनॅटिस्ट पंथाशी त्याचा अनेक वर्षे कडवा वाद चालला होता. त्याच पंथातल्या तिकोनियस या विद्वानाने शास्त्राचा अर्थ लावण्याचे सात नियम लिहिले होते. ऑगस्टीनने ते आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तिकोनियसचे नाव घेऊन मांडले, वाचकांना त्यांचा अभ्यास करायला सांगितले, आणि कुठे हे नियम पुरे पडत नाहीत, कुठे तिकोनियस घसरला हेही दाखवले. ग्रीक तत्त्वज्ञानाबद्दल त्याने इस्राएल लोकांनी मिसरातून आणलेल्या सोन्याचा दाखला दिला : धातू घ्यायचा, त्याच्या मूर्ती घ्यायच्या नाहीत.

पण त्याची खरी परीक्षा झाली ती जेरोमशी झालेल्या पत्रव्यवहारात. बेथलेहेमच्या मठात राहणारा जेरोम हा त्या काळातला शास्त्राचा सर्वांत मोठा अभ्यासक. हिब्रू जाणणारा, वयाने मोठा आणि स्वभावाने तापट. अंत्युखियातले पौल-पेत्राचे भांडण हे लोकांना शिकवण्यासाठी दोघांनी रचलेले नाटक होते, असा अर्थ त्याने ओरिजेन या आधीच्या भाष्यकाराच्या मागोमाग लावला होता. ऑगस्टीनला हे पटले नाही. शास्त्रात एक सोयीचे खोटे मान्य केले, तर उरलेल्या कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा, असे त्याने साधारण 395 च्या सुमारास लिहून पाठवले. पत्र वेळेवर पोचले नाही. पुढचे पत्रही भरकटले, आणि जेरोमच्या हाती पडण्याआधीच त्याच्या प्रती इटलीत फिरू लागल्या. एक तरुण बिशप पाठीमागे आपली निंदा करून नाव मिळवू पाहतो आहे, असे जेरोमला वाटले आणि त्याची उत्तरे बोचरी झाली.

405 च्या सुमारास ऑगस्टीनने लिहिलेले लांबलचक उत्तर हा या विषयावरचा अत्यंत मोलाचा दस्तऐवज आहे. त्यात तो सांगतो की चूक नाही असा पूर्ण भरवसा मी फक्त पवित्र शास्त्राच्या ग्रंथांवर ठेवतो. इतर लेखक कितीही पवित्र आणि विद्वान असोत, शास्त्राने किंवा विचाराने पटवून दिले तरच त्यांचे मत मी स्वीकारतो, आणि माझे लेखनही तुम्ही असेच वाचावे. याच पत्राच्या शेवटाकडे तो लिहितो की पदाने बिशप हा याजकाच्या वर असला, तरी पुष्कळ बाबतींत ऑगस्टीन जेरोमपेक्षा लहान आहे. आणि दुरुस्ती लहानाकडून आली तरी ती झिडकारू नये. आपल्या मुद्द्यावरून तो तसूभरही हलत नाही, पण दुखावलेल्या माणसाची मनापासून क्षमा मागतो. दोघांचा स्नेह पुढे टिकला. काही वर्षांनी पेलेजियन मतवाद्यांविरुद्ध लिहिताना जेरोमने अंत्युखियाचा प्रसंग खऱ्या दोषारोपासारखाच हाताळला, म्हणजे ऑगस्टीनच्या बाजूने. ऑगस्टीननेही आपल्या उतारवयातल्या लेखनात जेरोमच्या हिब्रूवरून केलेल्या भाषांतराला मान दिला.

मध्ययुगात हीच वाट थॉमस अक्वायनसने धरली. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर बंदी येऊन गेलेली असताना त्याने ॲरिस्टॉटल, मुस्लिम विचारवंत इब्न सिना आणि इब्न रश्द, तसेच यहुदी पंडित मोशे मायमोनिदीस यांच्याकडून मोकळेपणाने घेतले आणि जिथे पटले नाही तिथे नाव घेऊन खोडून काढले. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध ग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरुद्ध पक्षाच्या म्हणण्यापासून होते.

इग्नेशियसचा नियम आणि गोव्यातला अनुभव

1521 मध्ये पाम्प्लोना इथे तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला हा सरदार अंथरुणाला खिळून वाचू लागला आणि बदलला. लढाया आणि शौर्याची स्वप्ने रंगवली की त्या क्षणी आनंद वाटतो, पण नंतर मन कोरडे पडते. ख्रिस्ताच्या सेवेचा विचार केला की तो आनंद टिकतो, हे त्याच्या लक्षात आले. मनातल्या प्रेरणांची पारख करण्याची त्याची सगळी पद्धत या निरीक्षणातून उगवली. पुढे लॅटिनचे ज्ञान हवे म्हणून तिशी ओलांडलेला हा माणूस बार्सिलोनात लहान मुलांच्या पंक्तीला बसून व्याकरण शिकला. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाच्या आरंभी एक नियम आहे : दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायला आधी तयार असावे; तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे; तो खरोखर चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या या पुस्तकातला हा नियम मतभेदाच्या कुठल्याही बैठकीत भिंतीवर लावावा इतका उपयोगी आहे.

इग्नेशियसच्याच येशूसंघातला इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला. साष्टीत राहून तो इथली भाषा शिकला, ओवी आणि पुराणाचा बाज आत्मसात केला, आणि 1616 मध्ये त्याचे सुमारे 11 हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' राशोलला छापले गेले. आपली जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी तसेच काही का देत नाही, असा प्रश्न नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारल्याचा प्रसंग त्याने ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. त्या प्रश्नामागे मोठे दुःख होते. साष्टीतली देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. स्टीफन्सने मराठीपुढे विद्यार्थी होऊन बसावे, ही खरी नम्रता. पण तिच्याभोवतीची सत्ता नम्र नव्हती. ज्यांची तोंडे बंद केली आहेत त्यांच्याकडून शिकणे अर्धेच राहते, आणि ख्रिस्ती वाचकाने हा इतिहास झाकून ठेवू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते कॅथलिक मंडळी नाकारत नाही, असे अधिकृतपणे जाहीर केले, तोवर स्टीफन्सला जाऊन साडेतीनशे वर्षे होत आली होती.

पंडिता रमाबाई

मराठी मुलखात या दोन्ही गुणांचा कस जिच्या आयुष्यात लागला, अशी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (1858-1922). संस्कृत त्या आईकडून, लक्ष्मीबाईंकडून शिकल्या. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. कोलकात्यात 1878 मध्ये विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. म्हणजे 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या कुणाकडून शहाणपण उसने घ्यायला निघालेल्या नवशिक्या नव्हत्या.

वाँटेज इथल्या सेंट मेरी या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आसरा दिला. तिथल्या सेवाकार्याने, विशेषतः समाजाने टाकलेल्या स्त्रियांना प्रेमाने उभे करण्याच्या कामाने, त्या भारावून गेल्या. ख्रिस्ती पंडित नेहेम्या गोरे यांचे विचार आधीपासून मनात घोळत होतेच. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. प्राचार्य डोरोथिया बील यांच्याकडून गणित, विज्ञान आणि साहित्याबरोबरच मोकळ्या चर्चेची सवयही त्यांना मिळाली.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी मात्र वाद सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धांत कसा समजून घ्यावा, कुठल्या मतांगिकाराला किती बांधील राहावे, मंडळीच्या अधिकाऱ्यांची आज्ञा कुठवर पाळावी, असे प्रश्न रमाबाईंनी एकामागून एक उभे केले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ती मान्य नव्हती. क्रूसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. सिस्टरना यात गर्व दिसला. बाप्तिस्मा घेऊन आपण विवेकबुद्धी गहाण टाकलेली नाही, हे रमाबाईंनी स्पष्ट केले. त्यांचे म्हणणे असे की देवाचे वचन मी मानते, पण त्याच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहणाऱ्या प्रत्येक अधिकाराचा हुकूम मानायला मी बांधलेली नाही.

ही पत्रे वाचताना एक गोष्ट मनात राहते. ज्या सिस्टरशी त्या इतक्या निकराने वाद घालत, त्यांनाच त्या पत्रात 'आजीबाई' म्हणत, आणि आपली एकुलती एक लेक त्यांनी काही काळ त्यांच्याच देखरेखीखाली ठेवली होती. मतभेदाने ऋण फिटत नाही, याची जाण त्या संबोधनात आहे. सिस्टर जेराल्डीननीही ही पत्रे फेकून दिली नाहीत, उतारवयात ती नीट जुळवून ठेवली. 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही शाळा सुरू केल्यावर ते कामी आणले. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या मराठी प्रवासवर्णनात अमेरिकन स्त्रियांच्या संघटनाकौशल्याची मनापासून तारीफ आहे, आणि कृष्णवर्णीयांना व मूळ रहिवाशांना तिथे मिळणाऱ्या वागणुकीवर कडक टीकाही आहे. ज्या देशाकडून पैशाची मदत मिळत होती, त्याचे दोष त्यांनी लपवले नाहीत.

सिस्टरशी वाद घालताना रमाबाईच प्रत्येक वेळी बरोबर होत्या, असे मानण्याचे कारण नाही. पुढे त्यांनी स्वतःच आपली काही मते बदलली. 1890 नंतरच्या वर्षांत त्यांचा विश्वास अधिक खोल आणि रूढ ख्रिस्ती शिकवणीच्या जवळ आला. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त पुरता मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी 1907 मध्ये दिली. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी जागृती झाली. मोठमोठ्याने रडणे, प्रार्थना करणे, अन्य भाषांत बोलणे सुरू झाले, आणि बाहेरून टीका आली. त्यांनी हे दडपले नाही. पण हा अनुभव प्रत्येकाला आलाच पाहिजे असा आग्रहही धरला नाही.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या बायकांना ते कळत नाही, असे त्यांचे मत होते. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, आणि आपली सगळी संस्कृत विद्या बाजूला ठेवून साध्या बोलीला जवळ केले. 5 एप्रिल 1922 ला त्यांचे निधन झाले. मुक्तीच्याच छापखान्यातून ते पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.

त्यांचे समकालीन कवी नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी ख्रिस्ती विश्वास मराठी वळणात आणण्याच्या याच कामाची दुसरी बाजू पुढे नेली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही ते तुकोबांना आपल्या वाटेवरचे उपकारकर्ते मानत राहिले आणि अभंग व कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. मिशनकडून ते खूप काही शिकले, पण 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. परदेशी साच्यातून बाहेर पडल्याशिवाय इथली मंडळी आपल्या पायांवर उभी राहणार नाही, असे त्यांना वाटत होते.

आजची मंडळी

आता शिकवणाऱ्यांचा तुटवडा नाही. फोनवर दिवसभर संदेश येतात, महाशिबिरे भरतात, आरोग्य आणि समृद्धीची हमी देणारे उपदेशक गावागावांत पोचले आहेत. पडताळणीची जुनी साधने मात्र तशीच कामी येतात. वचनाचा तुकडा उचलला आहे की आगेमागेचा संदर्भ धरून बोलले आहे, हे स्वतः वाचून पाहता येते. कॅथलिक मंडळीत धर्माधिकारी आणि परंपरा यांचे मार्गदर्शन असते, प्रोटेस्टंट मंडळ्यांत शास्त्राला अंतिम मान असतो. पण एकट्याने, घाईने निष्कर्ष काढू नये यावर दोघांचेही एकमत आहे. उपदेशकाचा पैशाशी आणि बायकामाणसांशी व्यवहार कसा आहे, घरातल्यांशी आणि हाताखालच्यांशी तो कसा वागतो, हे दिदाखेच्या काळाइतकेच आजही महत्त्वाचे. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे प्रश्न विचारल्यावर तो काय करतो. प्रश्नकर्त्याला शाप, बहिष्कार किंवा देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका अशी धमकी मिळत असेल, तर ती पौलाची रीत नाही.

दुसऱ्या बाजूला, सगळेच मतभेद सारख्या वजनाचे नसतात. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याच्या आणि सणवारांच्या वादात एकमेकांना सोसून घ्यायला सांगतो. ख्रिस्ताच्या मृत्यूचा अर्थच बदलला जातो तेव्हा मात्र तो गलतीकरांना कठोर शब्दांत लिहितो. कुठली गोष्ट गाभ्याची आणि कुठली काठाची, हे न ओळखता केलेली पारख मंडळ्या फोडते. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच पुस्तकात वाचणे, ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे, हा ऑगस्टीन आणि अक्वायनस यांनी पाळलेला शिरस्ता इथे उपयोगी पडतो. जुन्या करारातल्या नामान या आजारी सेनापतीला बरे होण्याची वाट दाखवली ती त्याच्या घरातल्या पकडून आणलेल्या दासीने. घरात काम करणारी बाई, मंडळीतला अल्पशिक्षित म्हातारा, दुसऱ्या धर्माचा शेजारी यांच्याकडून आलेले खरे बोलणे केवळ माणूस पाहून नाकारणे हा विवेकाचा अभाव आहे.

पडताळणीचा भार शिकणाऱ्यावर जितका, तितकाच शिकवणाऱ्यावर. याकोबाच्या पत्रात बजावले आहे की पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण त्यांचा न्याय अधिक कडक होईल. हाच इशारा मनात धरून सत्तरी ओलांडलेल्या ऑगस्टीनने 426-27 मध्ये आपले जुने लेखन पुन्हा काढले. 93 ग्रंथ एकेक करून तपासले, कुठे घाईने लिहिले, कुठे समज अपुरी होती, कुठे शास्त्राचा अर्थ चुकला हे त्याने नोंदवले, आणि जिथे आपले म्हणणे योग्य वाटले तिथे ते तसे सांगितलेही. आपली पुस्तके लिहिली त्या क्रमाने वाचावीत, म्हणजे लिहिता लिहिता आपण कसे पुढे सरकलो हे वाचकाला कळेल, असे त्याने त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात म्हटले आहे.